पाहिजे तेवढी शिक्षा

आई,

आज दुपारी माझ्या खोलीच्या दारावर नवी पाटी लागली. शिपायाने स्टुलावर चढून जुनी काढली, नवी लावली, आणि ती तिरकी दिसते म्हणून मी खालून "थोडा लेफ्ट, भैया, थोडा और" करत राहिले. पाटीवर माझं नाव आहे आणि त्याखाली हिंदीत लिहिलंय, 'विभागाध्यक्ष, शिक्षा विभाग'. शिपाई म्हणाला, "बधाई हो मॅडम, अब पूरा डिपार्टमेंट आपका." मी आभार मानले, दार लावून घेतलं आणि खुर्चीत बसून इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं. बाहेरच्यांना वाटलं असेल, बाई पद मिळाल्यावर हुरळल्या. हुरळलेच आहे, कशाला खोटं बोलू? पण हसू त्याचं नव्हतं. मराठीत वाचलं तर तुझी लेक आज दिल्लीतल्या शिक्षा खात्याची मुख्य झाली आहे. हा विनोद ज्या माणसाला समजावून सांगावा लागला नसता, ते माणूस तू होतीस. म्हणून घरी आल्यावर चहाचा कप घेऊन लिहायला बसले आहे.

मी नववीत असताना आपण साताऱ्याकडच्या गावातून इथे दिल्लीच्या लष्करी छावणीत आलो. बाबांना क्वार्टर मिळालं होतं, दोन खोल्या आणि एक स्वयंपाकघर, ज्याच्या खिडकीतून परेडची शिट्टी ऐकू यायची. मला जवळच्या सरकारी मुलींच्या शाळेत घातलं. माझी दहावी झाली आणि त्याच उन्हाळ्यात बाबांची बदली सीमेवर झाली. छावणीत कुटुंबाला राहता येत होतं, पण बाईमाणसाने एकटीने दोन पोरं घेऊन दिल्लीत राहायचं हे गावाला पटण्यासारखं नव्हतं. धाकट्या भावाला होस्टेलवर ठेवायचं आणि तू मला घेऊन परत यायचं, असं आजोबांनी परस्पर ठरवून टाकलं. आपल्या गावात दहावीच्या पुढे काही नव्हतं, आणि तालुक्याला रोज जाणारी एकही मुलगी नव्हती. माझ्यासाठी एक स्थळही बघून ठेवलं होतं. भावाच्या शिक्षणाची सोय होत होती आणि माझ्या लग्नाची, आणि यात काही चुकतंय असं कोणालाच वाटत नव्हतं. तूही ट्रंका काढून पुसायला घेतल्या होत्यास.

अशात शाळेच्या मोठ्या मॅडमनी तुला बोलावून घेतलं. तू ठेवणीतलं लुगडं नेसतेस, माझी वेणी उगाच दोनदा घालतेस, आणि आपण दोघी त्यांच्या टेबलासमोर जाऊन उभ्या राहतो. दिल्लीत दोन वर्षं काढूनही तुझं हिंदी भाजीवाल्यापुरतंच आहे, कारण छावणीत सगळ्या शेजारणी आपल्याकडच्याच. मॅडम चष्मा काढतात, माझ्याकडे बोट दाखवतात आणि ठणकावून सांगतात, "बहनजी, आपकी बेटी को शिक्षा मिलनी ही चाहिए. मैं इसे ऐसे नहीं छोड़ूँगी."

तू माझ्याकडे पाहिलंस, मग त्यांच्याकडे. मग पदर कमरेला खोचलास.

"काहे को शिक्षा? क्या किया मेरी पोरगी ने? चोरी किया? किसी का झिंज्या उपट्या?"

"अरे नहीं, लड़की तो बहुत अच्छी है."

"अच्छी हाय, तो फिर शिक्षा काहे को?"

"अच्छी है, तभी तो! इसको तो पूरी शिक्षा मिलनी चाहिए. बीच में छोड़ना पाप है."

"मैं फौजी की बायको है! ऐसा अन्याय नहीं चलने देगी! देने का तो मेरे को दो शिक्षा!"

तुझा आवाज व्हरांड्यात पोचला आणि दारात मुली जमल्या. आजोबांसमोर कधी मान वर न केलेली तू, मोठ्या मॅडमच्या टेबलावर हात आपटत होतीस. मॅडम बिचाऱ्या पार गोंधळल्या. शेवटी त्यांनी टेबलावरचं एक पुस्तक उचलून तुझ्या डोळ्यांपुढे नाचवलं. "पढ़ाई, बहनजी! शिक्षा मतलब पढ़ाई!"

तू थबकलीस. "पढाई? म्हंजे शाळा?" मी मान हलवली. तू मटकन खुर्चीत बसलीस, तोंडाला पदर लावलास आणि तुला हसू आवरेना. मॅडमनाही आवरेना. हसता हसता तुझं हसू ओसरलं, तू ते पुस्तक मॅडमच्या हातून घेतलंस आणि म्हणालीस, "तो फिर दो ना, बाई. जितना पाहिजे उतना शिक्षा दो. कम मत करना."

घरी आल्यावर तू ट्रंका परत पलंगाखाली ढकलल्यास आणि मला घेऊन फोनच्या बूथवर गेलीस. गावात फोन दुकानात होता, आजोबांना बोलावून आणेपर्यंत तू तिथेच येरझारा घालत होतीस. मला वाटलं होतं तू रडशील, गयावया करशील. तू एका दमात सांगून टाकलंस, "मामंजी, पोरीला हितं शिक्षा झालीया. पुरी झाल्याबिगर हलता यायचं न्हाई." पलीकडून आजोबांचा आवाज इतका मोठा की मला बाहेर ऐकू आला, "सरकारी हाय का?" तू म्हणालीस, "व्हय, सरकारीच." आजोबा म्हणाले, "मग काय इलाज न्हाई. भोगू दे. पर तू तिच्याजवळ ऱ्हा." त्यांना नेमकं काय कळलं होतं, हे त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. स्थळ मात्र मोडलं. बाबा सुट्टीवर आले, त्यांनी सगळं ऐकलं आणि तुझ्यापुढे हात टेकले.

त्यानंतर आपल्या घरात तो शब्द कायमचा वस्तीलाच आला. मी शाळेतून आले की तू तव्यावर भाकरी टाकता टाकता विचारायचीस, "आज कंचं कलम लागलं?" आणि मी सांगायची, आज इतिहास, आज अर्थशास्त्र. बारावीत चांगले गुण पडले तेव्हा तू पेढे वाटत सांगत सुटलीस, "शिक्षा वाढली माझ्या लेकीची!" शेजारणी आधी दचकायच्या, मग हसायच्या. आणि दर वेळी ती ऑफिसातली गोष्ट रंगवून सांगायचीस, शेवटी मला चिमटा काढायचीस, "आन् ही बावळट तोंडात गुळणी धरून हुबी!"

तू स्वतः चौथीपर्यंत शिकलीस. पाचवीची शाळा ओढ्यापलीकडे होती आणि पावसाळ्यात तुला पलीकडे नेऊन सोडायला कोणाला वेळ नव्हता. बस, एवढंच. आता मी माझ्या वर्गात पहिल्या दिवशी मुलांना एकच विचारते, तुमची आई कितवीला थांबली आणि कशामुळे? गुरुग्रामच्या टॉवरमधून कॅबने येणारी मुलं पटकन सांगतात, थांबलीच नाही. छावणीतून, वस्तीतून बसने येणारी थोडी रेंगाळतात आणि मग एकेक सांगू लागतात. कोणाच्या आईच्या शाळेत मुलींना जायला संडास नव्हता, कोणाची धाकटी भावंडं सांभाळायची होती, कोणाचे वडील गेले, कोणाचं लग्न ठरलं. 'डोकं चालत नव्हतं' असं उत्तर मला अजून एकदाही मिळालेलं नाही. मग मी त्यांना तुझा ओढा सांगते. माझा सगळा विषय, सगळे जाडजूड ग्रंथ, शेवटी त्या ओढ्याशी येऊन थांबतात. तुला उचलून पलीकडे ठेवणारं कोणी नव्हतं, आणि तू मला कडेवर घेऊन सरळ पाण्यात उतरलीस. मला तुझा इतका अभिमान वाटतो की शिकवताना आवाज चढतो.

लष्करी इस्पितळात तू होतीस तेव्हा माझी पीएचडी अर्धी झाली होती. तू विचारलंस, "किती ऱ्हायली गं शिक्षा?" मी म्हटलं, थोडीच. तू माझा हात दाबलास. "लवकर सुटू नगंस." नाही सुटले, आई. त्यानंतर शिकले, शिकवायला लागले, दुसऱ्यांच्या लेकींना अडकवत गेले, आणि आजच्या पाटीने जन्मठेपेवर शिक्कामोर्तब झालं. तू असतीस तर छावणीभर पेढे वाटले असतेस.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, तेव्हा ते टेबलाच्या खणातच राहील. म्हणून एक गोष्ट आता सांगून टाकते. मी त्या दिवशी बावळटासारखी गप्प नव्हते. दोन वर्षं त्या शाळेत होते मी. हिंदीत शिक्षा म्हणजे काय, हे मला मॅडमच्या पहिल्याच वाक्याला कळलं होतं. एका शब्दात तुला थांबवता आलं असतं. पण माझ्यासाठी कोणीतरी भांडतंय हे मी जन्मात पहिल्यांदा पाहत होते, आणि मला ते आणखी थोडा वेळ पाहायचं होतं.