समुद्रापार पाठवलेला अंगठा

प्रिय व्याहीबुवांस,

सप्रेम नमस्कार. 'माजी' हा शब्द मी मुद्दामच लिहिलेला नाही. घटस्फोटाचे निकालपत्र मी बारकाईने वाचले आहे. माझी मुलगी आणि तुमचा मुलगा यांचा विवाह संपुष्टात आल्याचे त्यात स्पष्ट म्हटले आहे. आपले व्याहीपण रद्द केल्याचा मात्र एकही परिच्छेद सापडत नाही. तेव्हा आपण अजून रीतसर व्याही आहोत, आणि आपला अर्धवट राहिलेला बुद्धिबळाचा डावही तसाच चालू आहे (माझा उंट तुम्ही हलवलेला नसावा). विहीणबाईंचे गुडघे कसे आहेत? तुम्ही घड्याळदुरुस्तीचे दुकान पुन्हा उघडल्याचे कानावर आले. डोळ्याला भिंग लावून दिवसभर वाकून बसण्याचे हे वय आहे का, अशी आमच्या घरातून विचारणा आहे. मी विचारीत नाही. का विचारीत नाही, ते शेवटी कळेल.

बातमी अशी की आपल्या नातीच्या, भिंगरीच्या, पोटगीचा अर्ज समुद्र ओलांडून पोहोचला! तुम्हांला ठाऊकच आहे, तुमचे चिरंजीव परदेशी नोकरीला गेले आणि पोटगी थांबली. मुलीच्या एकटीच्या पगारात घरभाडे आणि भिंगरीची शाळा अशी दोन्ही बसत नाहीत, आणि घरभाडे काही गाळता येत नाही. म्हणून मी स्वतः या कामात उतरलो. आता मूळ तत्त्व समजावून सांगतो (भूगोल शिकवण्यात हयात गेली, खोड जात नाही). इथल्या न्यायालयाचा हुकूम म्हणजे आपल्या घराची किल्ली. परक्या दाराला ती लागत नाही, म्हणून ती खोटी ठरत नाही. दोन देशांत तसा करार असला, तर इथले कार्यालय ती किल्ली तिथल्या कार्यालयाकडे पाठवते, तिथले न्यायालय ती पारखते, आणि मग तिथल्या कुलपाला लागेल अशी किल्ली घडवून देते. पुढे पोटगी थेट तिथल्या पगारातून कापली जाते. काय देखणी व्यवस्था आहे, व्याहीबुवा! मी ती जेवणाच्या टेबलावर मांडून दाखवली. हे ताट म्हणजे आपला देश, ते ताट म्हणजे त्यांचा, मधली मीठदाणी म्हणजे समुद्र. आमच्या घरातून उत्तर आले, "तो समुद्र जरा इकडे सरकवा, भाजीत मीठ कमी आहे."

पहिली अडचण पत्त्याची. चिरंजीव दर रविवारी भिंगरीशी व्हिडिओवर बोलतात, पण राहतात कुठे हे सांगत नाहीत. एका रविवारी मला त्यांच्या पाठीमागे खिडकीसारखे काही दिसले आणि तीत बर्फाचा डोंगर! माझ्या अंगात वीज संचारली. डोंगराची सावली, चिरंजीवांच्या मनगटावरचे घड्याळ आणि उन्हाचा कल यांवरून मी अक्षांश काढला, नकाशासंग्रह जमिनीवर पसरला, आणि आठवडाभर खपून एक डोंगराळ गाव निश्चित केले. वकीलबाईंना तसे कळवूनही टाकले. मग भिंगरीने नकाशावर वाकून पाहिले आणि म्हणाली, "आजोबा, ते चित्र आहे. बाबा दर वेळी बदलतो. मागच्या रविवारी तो समुद्राच्या तळाशी होता, तेव्हा तुम्ही काहीच बोलला नाहीत!"

वकीलबाईंनी माझे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले. म्हणाल्या, "काका, पत्ता शोधणं तिकडच्या कार्यालयाचं काम आहे. तुम्ही फक्त जन्मतारीख आणि एक फोटो द्या." जन्मतारीख सोपी होती. फोटोसाठी सगळे कपाट उपसले, आणि काय आश्चर्य, तुमचे चिरंजीव एकाही फोटोत नाहीत! आपल्या दोन्ही घरांत कॅमेरा कायम त्यांच्याच हाती (लग्नाचा अल्बम मुलीने ते घर सोडताना तिथेच ठेवला, आणि तो मागायचे धाडस माझ्यात नाही). अखेर एक सापडला. बागेत तुमच्या खांद्यावर बसलेली भिंगरी, दोघेही तोंड उघडून हसता आहात, आणि वरच्या कोपऱ्यात अर्धे आकाश झाकणारा एक अंगठा. अंगठा निर्विवादपणे चिरंजीवांचा. मी त्याला बाण काढला, मागे सविस्तर टीप लिहिली, आणि फोटो अर्जासोबत रवाना केला. वकीलबाईंनी अर्जावरची जन्मतारीख तेवढी दोनदा अधोरेखित केली.

तरीसुद्धा ते सापडले! पत्ता, नोकरी, पगार, सगळे तिकडच्या कार्यालयाने जन्मतारखेवरून हुडकले. मी तर घरात टाळ्या पिटल्या. त्यानंतर मात्र चिरंजीवांचे लेखी उत्तर आले. 'मी दरमहा पैसे देतो आहे, बँकेत खात्री करावी.' आणि खरेच, काही महिन्यांपासून मुलीच्या खात्यात पैसे येत होते. 'सुधारला वाटतं,' असे ती म्हणालीही होती. भिंगरीने रविवारी त्याला थँक्यू म्हटले, तेव्हा तो 'मी नाही' असे म्हणाला नाही. कार्यालय कळवते की याविरुद्ध पुरावा महिनाअखेरपर्यंत न आल्यास फाईल बंद. तर एवढा एक किरकोळ खुलासा सोडता काम उत्तम मार्गाला लागले आहे. विहीणबाईंना नमस्कार, भिंगरीचा तुम्हां दोघांना पापा.

तुमचा व्याही

ता. क. तो किरकोळ खुलासा तुमच्याजवळ आहे. पैसे रोख भरले जातात, तेही बँकेच्या तुमच्या दुकानासमोरच्या शाखेत. मुलीला मी अजून सांगितलेले नाही. व्याहीबुवा, तुम्ही पोरीची शाळा वाचवलीत, आणि त्याच पैशांनी तिचा खटला बुडतो आहे. तुमचे डोळे थकले की पैसे थांबतील, आणि तोवर फाईल बंद झालेली असेल. सोबत प्रतिज्ञापत्र आहे, 'हे पैसे मी भरले, माझ्या मुलाने नव्हे.' पोटच्या मुलाविरुद्ध सही मागतो आहे, हे मला कळते. वर इतकी पाने डोंगर आणि मीठदाणीविषयी लिहिली, ती या चार ओळी लिहवत नव्हत्या म्हणून.

पुन्हा ता. क. सही केली नाहीत, तरी सुट्टीत भिंगरी दुकानात येणारच. तिने बिनकाट्यांची दोन घड्याळे जमवून ठेवली आहेत.

शेवटचा ता. क. तो फोटो तिकडच्या कार्यालयाने परत केला आहे. त्यांनी तुमच्याकडे बाण काढून विचारले आहे, 'ज्यांच्या खांद्यावर मुलगी बसली आहे, तेच गृहस्थ तिचा खर्च देतात काय?' मी उत्तर लिहून ठेवले आहे. 'होय, आणि आमची तक्रार नेमकी तीच आहे.' खाली तुमच्या सहीपुरती जागा सोडली आहे.