माफ केलं, मग जेवण

१२ नोव्हेंबर

प्रिय दादास,

ख्रिस्तात स. सलाम. पत्रास कारण की, मला तुझा भयंकर राग आला आहे. फोन केला असता तर कडाक्याचं भांडण झालं असतं आणि वहिनी बिचारी मधे भरडली असती, म्हणून लिहिते आहे.

काल बारकीच्या शाळेतून बोलावणं आलं. तिनं मागच्या बाकावरच्या मुलीला ठोसा मारला, ओठ फुटला त्या पोरीचा. आमची बारकी, जी झुरळसुद्धा कागदावर घेऊन बाहेर सोडते. कुणी शिकवलं विचारलं, तर म्हणते, मामानं सुट्टीत. अंगठा मुठीच्या बाहेर ठेवायचा म्हणे.

अरे, बाहेर काय चाललंय बघतोस ना? मारामाऱ्या, जाळपोळ. म्हणून तर आम्ही घरात नियम पाळतो. ज्याचा राग आला असेल त्याचं नाव घेऊन 'माफ केलं' म्हणायचं, प्रार्थना करायची, मग जेवायचं. बारकी तर याच मुलीचं नाव कितीतरी दिवस घेत होती. येशूचं लेकरू म्हणून मी तिच्या पाठीवरून हात फिरवायचे. तू एका सुट्टीत सगळ्यावर बोळा फिरवलास. खिडक्यांना ग्रिल बसवून बसवून तुला सगळं जग चोर दिसतं. माझ्या पोरीच्या मनाला ग्रिल बसवू नकोस.

लोभ आहे, पण सध्या फळीवर ठेवला आहे.

तुझी बहीण

१७ नोव्हेंबर

चि. छकुलीस,

अ. आ. पत्र वाचून माझंही डोकं फिरलं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

हो, शिकवलं मीच. का, ते ऐक. वर्कशॉपमध्ये हातमोजे घालून बघायला बारकीनं बाह्या वर सारल्या, तर दंडावर टोचल्याच्या खुणा. काही जुन्या, काही ताज्या. ती मागची मुलगी कर्कटक टोचते, म्हणाली. आईला का नाही सांगितलंस विचारलं, तर म्हणाली की एकदा माफ केलं की उकरून काढायचं नसतं, आईला आवडत नाही. आणि कुणाला सांगणार नाही असा माझ्याकडून शब्द घेतला. तो आज मोडतोय, तिला सांग.

रोज जेवायच्या आधी ती तुझ्यासमोर त्याच मुलीचं नाव घेत होती. कशाबद्दल माफ केलंस, एवढं एकदा विचारायचं होतंस. लेकराचा दंड सोलून निघाला आणि तू शाबासकी देत बसलीस. राग येणार नाही तर काय होईल?

तुझी वहिनी म्हणते, फार कडक लिहिलंय. असू दे.

तुझाच दादा

२९ नोव्हेंबर

प्रिय दादास,

ख्रिस्तात स. सलाम. तुझं पत्र वाचून बारकीच्या बाह्या वर केल्या. पुढे काही लिहवत नाही. तू बरोबर होतास. ठोशाबद्दल मात्र नव्हतास, ते तुला ऐकावंच लागेल.

दोघी त्या मुलीच्या घरी गेलो. बारकीनं ओठाबद्दल माफी मागितली. मग मी तिला बाही वर करायला सांगितलं. ते बघून त्या मुलीची आई आपल्या लेकीला जवळ ओढून रडली. शाळेत मात्र मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या की मुलांचं चालायचंच, तुम्ही तर क्षमा करणारी माणसं. दादा, माझ्या अंगाची लाही लाही झाली. क्षमा आम्ही करतो, ती तुमची झोप मोडू नये म्हणून नव्हे, असं तोंडावर सांगितलं. बाक बदलून घेतल्याशिवाय उठले नाही.

त्या रात्री जेवायला बसलो. माझी पाळी आली. मी घाईघाईनं बाईंचं नाव घेतलं, पण पुढचे दोन शब्द काही केल्या निघेनात. बारकीनं उघडलेलं भांडं परत झाकलं. म्हणाली, आई, आधी काय झालं ते सांग, जेवण थांबेल.

सांगता सांगता भाजी गार झाली. तशीच खाल्ली.

लोभ फळीवरून खाली काढला आहे. वहिनीला सलाम.

तुझी छकुली