हेडमास्तरांच्या संदेशामागचं पान

६ जाने. १९६४, मलकापूर
दादानं मंडळाच्या हस्तलिखित अंकाचे लेख आणून पुढ्यात टाकले. "कमे, तुह्यं अक्षर मोत्यासारखं. तूच उतरव." सगळे लेख पोरांचे. उतरवायचे मी, वेलबुट्टी काढायची मी, पानं शिवायची मी. प्रत एकच. २६ला वाचनालयात प्रकाशन.
म्हटलं, माझाही एक लेख घ्या. दादा हसला. "तू कायवर लिहिशीन वं?"
बघच आता.

८ जाने.
पहिला लेख उतरवला. 'मी कोण?' लेखक दिगंबर, मंडळाचा संपादक, अमरावतीला बी.ए. करतो. देह, आत्मा, माया... चार पानं झाली तरी तो कोण ते काही कळलं नाही. मला विचारलं असतं तर एका ओळीत सांगितलं असतं. ज्याची भाकर त्याची बहीण टाकते, तो.
माझ्या लेखाला नाव सुचलं. 'फुरसत'.

११ जाने.
'फुरसत' पुरा झाला. म्हणणं एवढंच : मी कोण, जग खरं की खोटं, हे प्रश्न पडायलाही निवांत बसावं लागतं. एक जण बसतो तेव्हा दुसरं कोणीतरी उभं असतं. मग त्या उभ्या माणसाच्या डोक्यात विचार येत नाहीत का? जिनिंग कारखान्यात कापूस निवडणाऱ्या बाया मरणावर, देवावर जे बोलतात ते या पोरांच्या बापजन्मी सुचायचं नाही. पण त्याला कोणी तत्त्वज्ञान म्हणत नाही.
मायला वाचून दाखवला. तिला वाचता येत नाही. चुलीतलं लाकूड मागं सारत म्हणाली, "खरं हाय बाई. पण वरण उतू जाऊन राह्यलं, पाह्य."

१४ जाने. संक्रांत
दिगंबर तिळगूळ द्यायला आला. लेख दिला. पडवीत उभ्यानंच वाचला. "चांगला आहे, पण विषय घरगुती आहे."
घरगुती! याचा आत्मा काय रानात राहतो?
मग पोटातलं बोलला. मुलीचं नाव आलं तर गावात चर्चा होईल. 'एक भगिनी' असं टाकू. नाहीतर शेवटी पाककृतीचं पान आहे, ते तुमच्या नावानं देऊ.
सणाचा दिवस, म्हणून त्याच्या हातावर तिळगूळ ठेवला.

१५ जाने.
दादाला म्हटलं, तू तरी बोल. त्याचाच लेख समोर होता, 'स्त्री-पुरुष समता'. म्हणतो, "काऊन चिडतं? सगळा अंक तुह्याच अक्षरात हाय ना!" आणि लगेच, "चहा टाक, पोरं आले."
समतेचा तिसरा परिच्छेद अर्धा टाकून उठले. उठलेच की मी! या गोष्टीवरून दादापेक्षा माझाच राग जास्त आला.

२० जाने.
पहिल्या पानावर जुन्या हेडमास्तरांचा शुभसंदेश उतरवला. २६चे अध्यक्ष तेच. दादा एस.टी.नं बुलडाण्याला जाऊन खाली त्यांची सही घेऊन आला. म्हातारा हात, अक्षर थरथरलेलं, पण सही खरी. "हे पान जप. २६च्या आधी पुन्हा सही भेटनार नाही."
जपते की. पानाची मागची बाजू कोरी आहे.

२२ जाने.
लिहिला. संदेशाच्या मागं, एका पानात बसवला. दोन परिच्छेद गाळावे लागले. मोठे मुद्दे ठेवले, घरातलं काढलं. खाली माझं पूर्ण नाव, बाबांच्या नावासकट. भगिनीबिगिनी काही नाही.
लगेच सगळा अंक शिवून टाकला. फाडायचं तर हेडमास्तरांसकट फाडा म्हणावं!

२३ जाने.
दादा मंडळात तोंडघशी पडेल. मला मॅट्रिकपर्यंत शिकू द्या म्हणून बाबांशी भांडला तो हाच दादा. वाईट नाही तो. हे सगळं कळतं... तरी राग जात नाही. आणि का जावा?

२६ जाने. सकाळ
दादानं अंक उघडला. पहिलं पान उलटलं. उभ्या उभ्या वाचलं सगळं. दाढीचं ब्लेड घेऊन आला, पानाच्या मुळाशी टेकवलं. मग पान उलटून सही पाहिली. ब्लेड खाली ठेवलं.
"काऊन केलं वं असं? मी तिथं तोंड कसं दाखवू?"
"पुरं वाचलं ना?"
दादा अंक फडक्यात गुंडाळून गेला. तिथं दोरा उसवतील, पान चिकटवून टाकतील, काय करतील देव जाणे. म्हणून मीही जाणार. हेडमास्तर पान उलटतील तेव्हा समोर बसणार.
पातळ बदललं. पीठ परातीत तसंच. माय म्हणाली, "तू जाय. भाकरी मी टाकतो."
उंबऱ्यातून परत आले, एवढं लिहायला. गाळलेल्या दोन परिच्छेदांतला एक मायवर होता. घरगुती म्हणून मीच काढला.
साडेआठ झाले. जाते.