टाचणीची अक्षरं

३ फेब्रुवारी
आणलं एकदाचं पुस्तक! जुन्या पुस्तकांच्या गल्लीतून, फ्रेंच, पुठ्ठा निखळलेलं. दुकानदाराला म्हटलं, माझ्या बहिणीला पन्नासाव्या पानाआधी गुन्हेगार कळतो, तिला हरवील असं काही द्या. म्हणाला, "मादाम, यातला गुन्हेगार लेखकालाही शेवटपर्यंत कळलेला नाही!"
नेलीला सांगितलं तर खळखळून हसली. महिन्याभरात पहिल्यांदा.

४ फेब्रुवारी
बाल्कनीत ऊन, समुद्र शांत. मी वाचत होते, ती ऐकत होती. तळ्याकाठचं घर. अपघातातून वाचलेली एक बाई – तिला मागचं काही आठवत नाही. तिची शुश्रूषा करणारी दुसरी म्हणते, मी तुझी बहीण. आणि दाराला कुलूप!
"बहीण कसली!" नेली म्हणाली. "झीझी, लक्ष ठेव. सूप देते, पण आधी स्वतः चाखत नाही."
अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी काय हे डोकं! डॉक्टर काहीही म्हणोत.

५ फेब्रुवारी
पुन्हा पहिलं प्रकरण. कालचं तिला काहीच आठवत नव्हतं. मीही पहिल्यांदाच वाचतेय असं दाखवलं.

८ फेब्रुवारी
मॉन्ट्रियलहून रेमंडचा फोन. "मावशी, तू सत्तरीची झालीस. आईला उचलताना तूच पडशील एक दिवस. नन्सच्या आश्रमात एक खाट रिकामी आहे, पण लवकर सांगायला हवं." पोरगा वाईट नाही. आईबद्दल बोलताना आवाज कापतो त्याचा. बघते म्हटलं.

१४ फेब्रुवारी
मसुराचं सूप केलं होतं, लिंबू पिळून. नेलीने वाटी माझ्याकडे सरकवली. "आधी तुम्ही प्या."
तुम्ही! जन्मभर 'तू' होते.
प्यायले. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली, मग प्यायली.

१५ फेब्रुवारी
गेल्या आठवड्यात ती रात्रीच्या झग्यातच ट्रामच्या थांब्यापर्यंत गेली होती, म्हणून मी दाराला कुलूप लावते. आज कडी हलवत उभी होती. "का कोंडता मला? कोण तुम्ही?"
मीच आणलं हे पुस्तक! दुसरं नाही का मिळालं? कपाटात लपवलं, तर त्यासाठी दुपारपर्यंत रडली. शेवटी दिलं. आता वाचून दाखवू देत नाही. छातीशी घेऊन खोलीत जाते.

१७ फेब्रुवारी
दर फेब्रुवारीतलं 'छोटा सूर्य' वादळ आलं. बाल्कनी बंद.
उम्म सय्यद चादर बदलताना ओरडली, "सित झीझी, उशीच्या अभ्र्यात टाचणी! डोळ्यात गेली असती म्हणजे?" 'सित' म्हणजे बाईसाहेब म्हणते, पण वीस वर्षं आमच्याकडे काम करते, बोलायचा हक्क आहे तिला. नेलीने आयुष्यभर बायकांचे कपडे शिवले; टाचण्या घरभर. सगळ्या वेचून डब्यात भरल्या. नेली डब्याकडे बघत राहिली.

१९ फेब्रुवारी
रेमंडला हो म्हटलं. शनिवारी, अठ्ठावीसला न्यायचं. ती मला ओळखतच नाही, मग चमचा कुणाच्या हातात आहे याने तिला काय फरक पडतो? बॅग काढून ठेवली. तिचा निळा स्वेटर दोनदा घडी केला.

२१ फेब्रुवारी
वादळ गेलं. लख्ख ऊन. नेली झोपली होती. तिला नेण्याआधी शेवट तरी वाचावा म्हणून पुस्तक बाल्कनीत नेलं. एकशे बारावं पान उलटताना त्यातून ऊन आलं. ठिपके ठिपके.
पान तसंच उन्हाशी धरलं. लहानपणी नन्सच्या शाळेत कादंबऱ्यांना बंदी, चिठ्ठ्यांनाही. मदर क्लेमांस प्रत्येक पुस्तक चाळून शाईची खूण शोधायच्या. म्हणून आम्ही मुली टाचणीने अक्षरांखाली भोकं पाडायचो. पान खिडकीशी धरलं की निरोप वाचता यायचा. मी सात वर्षांची, वसतिगृहात नवी. नेली मोठ्या मुलींच्या इमारतीत. माझ्या प्रार्थनेच्या पुस्तकात तिचा पहिला निरोप – 'रडू नकोस. रविवारी येते.'
आज एकेक अक्षर जोडत गेले. 'झीझी, एक बाई मला कोंडून ठेवते. म्हणते, मीच झीझी. तू ये. मला घेऊन जा.'
उम्म सय्यदने विचारलं, "कांदा चिरत होतात का?" हो म्हटलं. घरात कांदा नव्हता, हे तिला माझ्याहून जास्त माहीत.

२३ फेब्रुवारी
दोन दिवस विचार केला. आज चष्मा लावून बसले. एकशे तेरावं पान. बोटं अजून विसरली नाहीत. 'रडू नकोस. रविवारी येते. तोवर त्या बाईंच्या हातचं जेव.'
रविवारी येते! शनिवारी तर तिला नेणार. हे पाप कन्फेशनमध्ये कुठल्या नावाने सांगू?
पुस्तक तिच्या उशीखाली ठेवलं. एक टाचणीही.

२५ फेब्रुवारी
दोनदा मागून घेऊन जेवली. लहान मुलासारखं माझ्या शालीला तोंड पुसलं. म्हणाली, "बाई, मीठ बरोबर पडलंय." बाकी काही नाही.

२७ फेब्रुवारी
रेमंडला फोन केला. ती खाट दुसऱ्या कुणाला द्या म्हटलं. बॅग परत माळ्यावर.
एकशे पंधरावं पान, सकाळच्या उन्हात: 'झीझी, येशील तेव्हा त्या बाईंनाही बरोबर घेऊ. त्यांना कोणी नाही.'