कठड्यावरून घातलेली हाक

ल्युसर्न, ९ सप्टेंबर १९८७

चि. आगाथास, इस्पितळाच्या खाटेवरून अनेक आशीर्वाद.

सोमवारी गळ्याचं ऑपरेशन आहे. गाठ निघेल, पण आवाज राहील का, यावर डॉक्टर गोलगोल बोलला. मी जन्माचा गुराखी. गाय विकणाऱ्याचं तोंड मला वाचता येतं, तर याचं नाही का येणार? असो.

माझा जीव अडकलाय तो वेगळ्याच गोष्टीत. मी खाली आल्यापासून तीन संध्याकाळी आपल्या कुरणावर प्रार्थनेची हाक गेलेली नाही. गडी उएली चांगला आहे, धारा काढतो, चीजही नीट लावतो. पण पडला बर्नकडचा प्रोटेस्टंट. दूध गाळायचं नरसाळं तोंडाला लावून डोंगराला प्रार्थना ऐकवायची, हे त्यांच्यात नाही. जिथवर हाक पोचते तिथवर गुरांना राखण, हे तुला मी काय सांगू! गुरं थंडीसाठी खाली उतरायला अजून अडीच आठवडे आहेत.

ती प्रार्थना आता तुझ्याशिवाय कुणाला पाठ नाही. तुझ्या गुडघ्यांना चढ झेपणार नाही, तेव्हा केबल कारने जा. वरच्या पॉइंटच्या कठड्याखालीच आपलं कुरण आहे. केबल कारवरच्या योस्टला मी सांगून ठेवलंय. नाही म्हणू नकोस.

तुझा दादा,
कास्पार


रीडमाट, १० सप्टेंबर

ती. कास्पारदादास सा. न., आणि नमस्कारामागोमाग भांडण, वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी रडले, मग संतापले. अरे, खाटेवर पडून उंटावरून शेळ्या काय हाकतोस! ती केबल कार सुरू होऊन बावीस वर्षं झाली, मी एकदा तरी पाय ठेवला का तिच्यात? मला शिडीवर चढून पडदे लावता येत नाहीत. आणि तो डबा दरीवर नुसता लोंबकळतो.

शिवाय बाबा काय म्हणायचे, विसरलास? बाईने हाक घालायची नसते, तिचा आवाज कड्यापर्यंत जात नाही. दुधाच्या बरण्या घासता घासता मी ऐकून ऐकून पाठ केली, तेही चोरून. आता चौऱ्याहत्तराव्या वर्षी सगळ्या प्रवाशांसमोर ओरडू? लोक म्हणतील म्हातारीला चळ लागला.

गळ्याला लोकरीचा रुमाल पाठवते आहे. तो बांध, आणि रागावू नकोस.

तुझी,
आगाथा


ल्युसर्न, ११ सप्टेंबर

चि. आगाथास आशीर्वाद, थोडे कमी केलेले.

रुमाल पोचला, ऊब आहे. बाबांचं म्हणशील तर त्यांनी केबल कारलाही विरोध केला होता, आणि पाठ धरल्यावर तिच्यातूनच डॉक्टरकडे उतरले.

तुला भीती वाटते, हे मला ठाऊक आहे. मलाही वाटते आहे. सोमवारनंतर मी कुणाला हाक मारू शकेन की नाही, देव जाणे. पण गुरांनी का भोगावं?

वाट बघणारा,
कास्पार


रीडमाट, १४ सप्टेंबर, सकाळी

ती. दादास अगदी मनापासून सा. न. वि. वि.

आत्ता तुला आत नेलं असेल. हात नुसते बसत नाहीत, म्हणून लिहायला घेतलं.

काल गेले रे मी. योस्टने मला पावाच्या रिकाम्या खोक्यावर बसवलं, तोंड डोंगराकडे करून, दरीकडे पाठ. तिसऱ्या खांबाशी डबा असा हेलकावला की मी योस्टचा कमरपट्टाच धरला. तो म्हणाला, धरा खुशाल, माझी बायकोसुद्धा एवढं घट्ट धरत नाही. मेल्याला लाज म्हणून नाही! पण त्या बोलण्यानेच मी वरपर्यंत पोचले. शेवटची फेरी पाचला असते. माझ्यासाठी त्याने सातची हाक होईपर्यंत डबा वर थांबवून ठेवला, घरी जेवायची वेळ झाली असताना.

उएली नरसाळं घेऊन कुरणावरून चढून आला होता. कठड्याशी उभी राहिले, तर खाली सगळं उघडं. आपल्या गाई तिळाएवढ्या. पहिला शब्द चिरकलाच. वर मुक्कामाला राहिलेले फोटो काढणारे वळून बघायला लागले. उएलीने टोपी काढली, तेव्हा त्यांनीही कॅमेरे खाली केले. मग आवाज कुठून आला कोण जाणे, पण आला. समोरच्या कड्यावरून परतसुद्धा आला.

एक चूक झाली माझ्या हातून. कुरणाच्या हद्दीबाहेरचं काही मागायचं नसतं, हा नियम. पण सगळी गुरंमाणसं सांगून झाली, आणि तोंडातून निघून गेलं, ल्युसर्नला पडलेल्या माझ्या कास्पारलाही राख. नियम मोडला. घे आता, भांड माझ्याशी.

योस्टने स्टेशनातला फोन तार ताणून खिडकीबाहेर धरला होता, तुला ऐकू यावं म्हणून. तिकडून एक शब्द आला नाही, तेव्हा ऐकलंस की नाही कळलं नाही. आज संध्याकाळीही जाणार आहे. गुरं उतरेपर्यंत रोज जाईन. तू फक्त बरा हो.

लोभ तुझा, काळजी माझी.

आगाथा


ल्युसर्न, २० सप्टेंबर

माझ्या आगाथास, या वेळी आशीर्वाद नाही, नमस्कार.

गाठ गेली, सगळी. आवाजही गेला. पाटीवर लिहून सूप मागतो, आणि नर्स मोठ्याने बोलते, जणू बहिरा झालोय. जिवंत आहे, आणि वाईट वाटायचं ते वाटून झालं. योस्टला माझे आभार सांग. गुरं उतरली की त्याच्या घरी आपल्या चीजची एक अख्खी चकती जाऊ दे. उएलीने टोपी काढली, तेही माझ्या लक्षात राहील.

त्या संध्याकाळी सगळं ऐकलं. तेव्हा माझा आवाज अजून शाबूत होता, तरी एक शब्द फुटला नाही, कारण रडत होतो. एक्कावन्न उन्हाळे मी हाक घातली. हद्दीच्या आतल्या प्रत्येक जिवाचं नाव घेतलं, पण हाक घालणाऱ्याने स्वतःचं नाव कधी घ्यायचं नसतं. माझ्यावर कुणी हाक घालावी, हे मला कधी सुचलंही नव्हतं. तू नियम मोडलास, फार चांगलं केलंस.

रोज काही योस्टला फोन लावणं जमत नाही. तरी सात वाजले की मी खाटेवर उठून बसतो आणि टोपी काढतो.

तुझ्या राखणीतला,
कास्पार