खमिराची बरणी, पितळी नळकांडं आणि शिरूरचं घर यांची मी लावलेली व्यवस्था

मी, कृपाबाई, दिवंगत जॉर्ज रणपिसे यांची पत्नी, वय सत्तरीच्या पुढे (मिशनच्या दप्तरात माझ्या जन्माच्या नोंदीवर शाई सांडलेली आहे, त्यामुळे पुढे किती ते कोणीच सांगू शकत नाही), धर्म ख्रिस्ती, धंदा पूर्वी मिशनच्या बंगल्यावर पाव भाजणे व हल्ली नातीचं कौतुक करणे, राहणार शिरूर, म्हणजे घोडनदी, जिल्हा पुणे, आज कोणी धाक घातलेला नसताना, कोणी काही पाजलेलं नसताना आणि डोकं जागच्या जागी असताना हे मृत्युपत्र लिहून ठेवते.

कचेरीसमोर अर्ज लिहिणाऱ्या आनंदरावांनी मला चार ओळींचा मसुदा करून दिला होता. त्यात घर कोणाला ते होतं, का ते नव्हतं. का ते लिहिलं नाही, तर माझा मुलगा प्रभुदास उद्या कोर्टात म्हणेल की म्हातारीला चळ लागला होता. म्हणून कलमं आनंदरावांची आणि मजकूर माझा. शाळा तिसरीपर्यंत झालीय, जोडाक्षरं सांभाळून घ्यावीत.

कलम पहिलं. शिरूरचं माझं घर, पडवी आणि मागची पावाची भट्टी यांसह, माझी नात दबोरा प्रभुदास रणपिसे हिच्या एकटीच्या मालकीचं होईल. पुढच्या खोलीत एस.टी.चे कंडक्टर भाड्याने राहतात, त्यांना हलवू नये. भाडं दबोराच्या मुंबईच्या शिक्षणाकडे लावावं. पोस्टातली शिल्लकही तिचीच. घर विकायचा, गहाण टाकायचा किंवा "बघू पुढं" म्हणायचा अधिकार प्रभुदासला नाही. तो आला तर त्याला जेवायला घालावं, तो माझा मुलगाच आहे.

कलम दुसरं. यात का ते येतं.

माझ्या सासूबाई अनसाबाई यांच्याकडे खमीर होतं. रोज थोडं काढून पाव करायचा, उरलेल्याला पीठपाणी द्यायचं, की ते पुन्हा वाढतं. असं ते सासूबाईंच्या आधीपासून चालत आलेलं. माझे यजमान जॉर्ज आणि धाकटे दीर एडविन वेगळे झाले, एडविन रेल्वेत लागून दौंडला गेले, तेव्हा सासूबाईंनी खमिरात हात घालून दोन गोळे केले. एक मला, एक धाकट्या जावेला, एलिझाबेथला. चिनी मातीची बरणी मात्र थोरली म्हणून मला दिली. "बरणी थोरलीला, आन् मला नुसता चिकटा," असं एलिझाबेथ तेव्हा म्हणाली आणि त्यानंतर दर सणाला म्हणत आली.

एडविनने तिच्यासाठी लोको शेडच्या लिलावातून पितळेचं एक नळकांडं आणलं, बुड बसवलं आणि त्यात तिचं खमीर राहू लागलं. नळकांडं हाताएवढं बारीक आणि उभंच्या उभं. माझी बरणी भोपळ्यासारखी बसकी. हे वाचणाऱ्याने लक्षात ठेवावं. आम्ही तीस वर्षं ठेवलं नाही.

आमच्या शिरूरच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, पद्धत अशी. नाताळला एलिझाबेथ दौंडहून इथेच यायची. नाताळच्या आदल्या दिवशी दोघी जावांनी आपापल्या भांड्यात सारखंच, एकेक ओगराळं पीठ भिजवून आणायचं. दुपारनंतर पाळकसाहेब भांड्यावर बोटं लावून बघणार कोणाचं किती बोटं चढलं. जास्त चढेल तिचा पाव प्रभुभोजनाच्या विधीत मोडायचा. दरवर्षी एलिझाबेथच जिंकायची. ती म्हणायची, "दौंडच्या पाण्याचा गुण हाय." मी एकदा दौंड जंक्शनच्या नळाचं पाणी सुरईत भरून एस.टी.तून मांडीवर आणलं, तरी हरले. मग तिचंच खमीर अस्सल असं मीही मनाशी धरलं आणि तिच्याशी जास्त भांडू लागले.

कलम तिसरं. दबोरा पुण्यात पदार्थविज्ञान शिकली. मला वाटलं होतं पदार्थ म्हणजे आता तरी स्वयंपाकाचं काही असेल. तसं नसतं. वजन, उजेड, उष्णता असल्या गोष्टी मोजायच्या असतात. पण माझी नात ही मोजायची विद्या घेऊन सजीवांकडे वळली. आपलं अंग बारीक बारीक पेशींचं असतं, आणि खमिराचा एकेक कण म्हणजे एकच पेशी, एकटी राहणारी, असं तिने मला सांगितलं. मी म्हटलं, एकटी राहते म्हणजे माझ्यासारखीच.

नुकत्याच झालेल्या नाताळात, आदल्या दिवशी, ती देवळात माझ्याशेजारी उभी होती. पाळकसाहेबांनी बोटं लावली, एलिझाबेथने पदर सावरला. दबोरा म्हणाली, "थांबा. भांडी निराळी आहेत." पाळकसाहेबांनी मोजलेल्या बोटांवरून तिने दोन्ही भांड्यांवर खडूने आधीची आणि नंतरची खूण केली, पीठ परातीत काढलं, भांडी आतून धुतली आणि एकाच पेल्याने खालच्या खुणेपासून वरच्या खुणेपर्यंत पाणी ओतून बघितलं. दोन्हीकडे सारखेच पेले लागले.

"दोन्ही सारखंच फुगलंय, आजी," ती म्हणाली. "बारीक भांड्यात वर चढतं, रुंद भांड्यात पसरतं."

एलिझाबेथ म्हणाली, "सारखं कसं आसंल? डोळ्याला दिसतंय की."

मी म्हणाले, "गप गं दबोरा. इतकी वर्षं मी हरले ती काय उगाच?"

एलिझाबेथ आणि मी एका बाजूने बोललो असं तीस वर्षांत पहिल्यांदाच झालं. पाळकसाहेब आपल्या बोटांकडे बघत राहिले. त्या नाताळला प्रभुभोजनाला दोन्ही पाव मोडले गेले आणि कोणालाही फरक कळला नाही.

पण पोरगी तिथे थांबली नाही. सुट्टीभर माझ्या स्वयंपाकघरात तिने दोन्ही खमिरं गुळाच्या पाण्यात वाढवली. जॉर्जच्या हत्यारांनी एक लाकडी पेटी केली, एका बाजूला बॅटरीचा दिवा, दुसऱ्या बाजूला उजेड पडला की काटा हलतो असं यंत्र, मध्ये खमिराच्या पाण्याची बाटली. पेशी वाढल्या की पाणी गढूळ होतं, उजेड कमी पोचतो, काटा खाली येतो. ताक किती घट्ट झालं ते दिव्यावर धरून बघावं तसंच, फक्त इथे काटा बघतो आणि काटा कोणाचा नातेवाईक नसतो. शिवाय कॉलेजातून आणलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली चौकटी आखलेली काच ठेवून ती थेंबातल्या पेशी मोजायची. मीही डोळा लावला. त्या बारक्या गोल पेशी. एकीच्या कुशीला फुगवटा आला होता, तो वाढून वेगळा होणार म्हणे. दबोराने सांगितलं की लेक सुटली की आईच्या अंगावर वण राहतो, आणि वण मोजले की आईला किती लेकरं झाली ते कळतं. मला फार बरं वाटलं. इतकं बारीक असूनही वण.

तिने कागदावर रेघ काढली. आधी सपाट, कारण नव्या पाण्यात पेशी बिचकून बसतात. मग चढ, तोही असा की एकाच्या दोन, दोनाच्या चार. मग गूळ संपला की पुन्हा सपाट. दोन्ही खमिरांच्या रेघा एकावर एक बसल्या. "आजी, दोघींचं एकाच वेगानं दुप्पट होतं. एकाच आईचं आहे ना," ती म्हणाली. तो कागद भट्टीशेजारी लावलेला आहे. घर घेताना तो काढू नये.

मग मी विचारलं, आता मुंबईला कशाला जायचं, मोजून तर झालं. तेव्हा तिने जे सांगितलं ते माझ्या शब्दांत असं. आईपासून सुटलेली लेक-पेशी लहान असते. ती लगेच स्वतःला फुटवा येऊ देत नाही, आधी वाढते. पण आपण पुरेशा मोठ्या झालो हे तिला कळतं कशावरून? वजनावरून, मापावरून, का वेळ झाली म्हणून? हे कोणालाच नीट माहीत नाही. मुंबईच्या एका संस्थेत तिला हे मोजायला जागा मिळाली आहे.

त्याच आठवड्यात प्रभुदास दौंडहून आला. तो तिथे पार्सल ऑफिसात आहे.

"आई, नगरचं स्थळ आलंय. कंपाउंडर हाय. हे घर विकू, लगीन लावू, दौंडात जागा घिऊ."

"आन् मुंबई?"

"खमीर मोजाया मुंबईला? पोरगी मोठी झाली आता."

"तुला कशावरनं कळलं?"

"आगं, दिसतंय की."

हे 'दिसतंय की' मी देवळातही ऐकलं होतं. म्हणून कलम पहिलं तसं लिहिलं आहे. दबोराने कंपाउंडरशी लग्न करू नये असं माझं म्हणणं नाही. तो बिचारा कसा आहे मला माहीत नाही. पण वेळ झाली की नाही ते तिने ठरवावं.

कलम चौथं. जॉर्जची सुतारकीची हत्यारं, रंधा, करवत, पटाश्या, गिरमिट, सगळी दबोराला. उजेडाची पेटी तिचीच आहे, ती माझ्या मालमत्तेत धरू नये. शिवणयंत्र प्रभुदासच्या बायकोला, कारण तिने माझ्याविरुद्ध कधी तोंड उघडलं नाही, आणि उघडण्यासारखं पुष्कळ होतं.

कलम पाचवं. चिनी मातीची बरणी माझी धाकटी जाऊ एलिझाबेथ एडविन रणपिसे हिला द्यावी. (हे कलम आता रद्द. का ते शेवटी येईल. खोडलं नाही, कारण अक्षर चांगलं आलं आहे.)

कलम सहावं. शेळी शेजारच्या सिंधूबाईंना, कारण ती तशीही त्यांच्याकडेच असते. भागुबाईने मुलीच्या लग्नाला माझं मोठं पातेलं नेलं आणि धाकटं परत आणलं. मोठं तिलाच दिलं असं समजावं, पण मी समजून दिलं आहे हे तिला कळवावं.

कलम सातवं. मला जॉर्जशेजारी पुरावं. मातीला आलेल्यांना चहाबरोबर घरच्याच खमिराचा पाव द्यावा. भाषण पाळकसाहेबांनी आटोपतं करावं.

आता साक्षीदार. दोन लागतात. मी दोन्ही भांडणातले निवडले, कारण माझं डोकं शाबूत आहे असं मित्र म्हणाला तर प्रभुदास हसेल. एक शेजारी सोपानराव, ज्यांचा घेवडा माझ्या शेळीने दोनदा खाल्ला. दुसरी एलिझाबेथ. ती आज सकाळच्या एस.टी.ने दौंडहून आली, नळकांडं पिशवीत घेऊनच, कारण ते ती घरी कोणाच्या भरवशावर सोडत नाही. वरचं सगळं मी तिला आणि सोपानरावांना वाचून दाखवलं. पाचव्या कलमाला तिने दोनदा वाचायला लावलं.

तेवढ्यात, कलमं तपासायला आलेले आनंदराव म्हणाले, "साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काही मिळत नाही. कायदाच आहे. यांनी सही केली की बरणी गेली."

एलिझाबेथ बरणीकडे बघत बसली. मग उठली, बरणीच्या कडेला वाळलेलं पीठ होतं ते नखाने खरवडून काढलं, आणि परत येऊन बसली.

"टाक द्या हिकडं," ती म्हणाली.

"एली, बरणी जाईल. मी दुसरं कोणी बघते."

"आवो थोरल्या बाई, दुसरं कोन हाय? परभूला म्हायतीय, म्या तुमच्या बाजूनं उभ्या जन्मात शबूद टाकला न्हाई. म्या सही केल्यावर त्यो कोर्टात काय बोलंल? पोरीनं देवळात तुमच्या तोंडावर खरं सांगितलं, माझ्या बी. तेवढं कुनी करतं व्हय?"

मग मी आनंदरावांना विचारलं, जिवंतपणी कोणाला भांडं दिलं तर कायद्याचं काही म्हणणं आहे का. ते म्हणाले, मुळीच नाही. म्हणून पाचवं कलम रद्द केलं आणि बरणी आत्ताच, आनंदराव आणि सोपानराव यांच्यादेखत, एलिझाबेथला दिली. माझं खमीर भांड्यावाचून राहू नये म्हणून तिने नळकांडं माझ्याकडे ठेवलं. मीच मागितलं.

बरणी मांडीवर घेऊन ती जरा वेळ खूश बसली. मग तिने नळकांड्याकडे बघितलं, बरणीकडे बघितलं.

"म्हंजी फुडच्या नाताळात बोटं तुमची चढनार."

"चढतील."

"चढू द्या. दबोरा पानी वतून मोजंल."

"दबोरा तेव्हा मुंबईत असेल," मी म्हटलं.

येणेप्रमाणे सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, वाचून दाखवला, आणि दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांसमोर खाली सही केली.

मुक्काम शिरूर, तारीख ९ जानेवारी १९६४

(सही) कृपाबाई जॉर्ज रणपिसे

साक्षीदार पहिला: (सही) सोपानराव, राहणार शिरूर. बाईंचं डोकं ठिकाणावर आहे. शेळीबद्दल मी काही लिहून देत नाही.

साक्षीदार दुसरी: (सही) एलिझाबेथ एडविन रणपिसे, राहणार दौंड, रेल्वे कॉलनी. थोरल्या बाईंचं डोकं ठिकाणावर आहे हे मी आज स्वतः पाहिलं. जरा जास्तच आहे.