रजतचा हात

हैदराबाद

पुष्पाताई,

पाया पडतो. माझी तब्येत चांगली आहे, काळजी करू नको. बेसा गावातल्या घरी नळाले पाणी येऊन राहिलं का?

पेपरात वाचशील, त्याआधी मीच सांगतो. मी उभ्या केलेल्या कंपनीतून मलेच काढलं. भाजलेल्या गरिबांले आपली कृत्रिम त्वचा फुकट देणं मी बंद करत नव्हतो, म्हणून. मीटिंगमध्ये हात वर करून मतं घेतली.

पहिला हात रजतचा. हॉस्पिटलातला माझा ज्युनिअर डॉक्टर, तुझ्या डब्यातली पाटोडी खाणारा. केळाच्या सालीवर टाके घालणं त्या हाताले मीच शिकवलं वं.

दिवाळीत तो तुझ्या पाया पडायले येईलच. त्याले पोटभर जेवू घाल. फक्त त्याच्या डोक्यावर हात ठेवू नको.

तुझाच,
देवराव